बोरीबंदरची इमारत सोलापूरहून पाहावी

धागाकर्ता: रूळवाट

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची, म्हणजेच बोरीबंदरच्या स्थानकाची, इमारत पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात, समोरच्या चौकात उभे राहून छायाचित्रे काढतात आणि पुढच्या स्थळाकडे निघून जातात. आपण सोलापूरकर तेथील फलाटांवर पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलो आहोत. पण सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी मुंबईत पोहोचली की कोणाला मंत्रालय गाठायचे असते, कोणाला रुग्णालय, कोणाला मुलाखत, आणि मान वर करून घुमटाकडे पाहण्याइतकी सवड फार थोड्यांना मिळते. गेल्या हिवाळ्यात मी दुसरे कोणतेही काम न ठेवता, केवळ ही इमारत पाहण्यासाठी, दिवसाच्या गाडीने मुंबईला गेलो. त्या प्रवासात माझे एक मत पक्के झाले आणि त्यावर आपणा सर्वांचे म्हणणे ऐकावे, या हेतूने हा धागा काढत आहे. बोरीबंदरची इमारत आणि आपल्या गावावरून जाणारा लोहमार्ग या दोन सुट्या गोष्टी नाहीत. म्हणून ती इमारत पाहायची असेल तर सोलापूरहून, उजेडी, खिडकीशी बसून, त्याच मार्गाने जाऊन पाहावी, असे माझे मत आहे.

या मार्गाच्या तारखा ओळीने मांडल्या की सोलापूरहून निघालेला प्रवासी काळात मागे मागे जात असल्याचे ध्यानात येते. मोहोळ ते सोलापूर हा तुकडा १८६० साली सुरू झाला. कुर्डुवाडीपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या बार्शी रोडपर्यंत, रूळ १८५९ साली आले होते. भीमाकाठच्या डिकसळपासून पुण्यापर्यंतचा आणि पुण्यापासून खंडाळ्यापर्यंतचा मार्ग १८५८ चा आहे. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला गाडी १८५६ साली पोहोचली, कल्याणला १८५४ साली. आणि ठाण्यापासून पुढचा सुमारे ३४ किलोमीटरचा शेवटचा पट्टा म्हणजे १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी ज्यावरून धावली तो मार्ग. या क्रमात खंडाळा आणि खोपोली यांच्यामधला बोरघाट तेवढा बसत नाही, कारण तो १८६३ साली पूर्ण झाला. याचा अर्थ असा की, सोलापुरात आगगाडी आली तेव्हा ती मुंबईशी जोडलेलीच नव्हती. सोलापूरचा प्रवासी खंडाळ्यापर्यंत गाडीने जात असे, तेथे उतरून पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट उतरत असे आणि खोपोलीला दुसऱ्या गाडीत बसत असे. वरच्या मार्गावरची इंजिने, डबे आणि रूळदेखील घाटरस्त्याने चढवूनच आणावे लागले होते. एवढा खटाटोप ग्रेट इंडियन पेनिन्सुला या रेल्वे कंपनीने घाटाची वाट न पाहता का केला असावा, याचे उत्तर खिडकीबाहेर दिसणाऱ्या काळ्या जमिनीत आहे. त्या कंपनीला दख्खनचा कापूस मुंबईच्या बंदरात हवा होता. घाट खुला झाला तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव गगनाला भिडले होते. पुढे १८७१ साली हाच मार्ग रायचूरला मद्रासकडच्या लोहमार्गाशी जोडला गेला. त्यानंतर ७ वर्षांनी, १८७८ साली, कंपनीने बोरीबंदरला आपल्या मुख्यालयाचे बांधकाम सुरू केले.

आता प्रवासाविषयी. सोलापूर सोडल्यावर मोहोळच्या अलीकडे सीना लागते आणि दोन्ही बाजूंना रब्बीची ज्वारी उभी असेल तर नजर कोठे अडत नाही. माढा आणि कुर्डुवाडी मागे टाकल्यावर केम येते. या गावचे कुंकू महाराष्ट्रभर जाते, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक असेल. जेऊरपासून पुढे मात्र वाचनात डोके घालू नये. पारेवाडी, वाशिंबे आणि जिंतीच्या टापूत उजनीचे पाणी जवळ येते आणि जिंती रोड ते भिगवण या दरम्यान गाडी भीमेचा पूल ओलांडते. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि जुन्या मार्गाचा काही भाग पाण्याखाली गेला, त्यामुळे रूळ बाजूला हलवावे लागले. डिकसळजवळचा जुना दगडी पूल नंतर रस्त्यासाठी वापरला गेला. थंडीच्या दिवसांत या पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. गाडीतून ते दूरवर एखाद्या फिकट गुलाबी पट्ट्यासारखे दिसतात, आणि तेवढ्याने माझे समाधान झाले, कारण मी ते पाहायला निघालो नसतानाही ते मला दिसले होते.

दौंड ते पुणे हा भाग मला रुक्ष वाटतो. लोणावळ्यानंतर घाट येतो आणि त्याच्याविषयी या संस्थळावर माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत, म्हणून मी तो त्यांच्यावर सोपवून थेट मुंबईत येतो.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशास्त्रज्ञाने या इमारतीचा आराखडा केला. त्याआधी तो युरोपातील स्थानके पाहून आला होता. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे त्याचे सहायक अभियंता होते, आणि हे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही म्हणून मी ते मुद्दाम लिहीत आहे. १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, इमारतीला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले आणि पुढच्या वर्षी काम संपले. १९९६ साली ती छत्रपती शिवाजी टर्मिनस झाली, २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला आणि २०१७ साली नावात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला.

बाहेरून पाहताना घाई करू नये. प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ बसलेला आहे. सिंह ब्रिटनसाठी आणि वाघ भारतासाठी. अष्टकोनी घुमटाच्या माथ्यावर हातात मशाल आणि बाजूला चाक असलेली स्त्रीमूर्ती आहे, तिला ‘प्रगती’ म्हणतात. दर्शनी त्रिकोणी शिखरांवर व्यापार, शेती आणि अभियांत्रिकी यांच्या मूर्ती आहेत. शेतीची मूर्ती तेथे असावी, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ज्वारीच्या आणि कापसाच्या रानातून आलेल्या माणसाला त्या शिखराखाली आपल्या येण्याचे प्रयोजन सापडते. दर्शनी भिंतीवरील गोलाकार चौकटींत कंपनीशी संबंधित व्यक्तींचे मुखवटे कोरलेले असून त्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय हे दोघे आहेत. मुंबईत लोहमार्ग यावा म्हणून या दोघांनी पुढाकार घेतला होता. याखेरीज मोर, माकडे, मगरी, घुबडे, पाने आणि वेली इतक्या आहेत की पाहणाऱ्याला जाळीतून एखादा नवा प्राणी सापडतच राहतो; या कोरीवकामात सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आत तिकीटघराच्या दालनात छताच्या कमानींवर निळ्या आणि सोनेरी रंगातील तारे आहेत. त्या ताऱ्यांखाली रोज लोक लोकलची तिकिटे काढतात.

हे वास्तुशिल्प वापरात आहे, त्याचे संग्रहालय करून ठेवलेले नाही, आणि त्याच्या ऐश्वर्यातला हा सर्वांत मोठा भाग आहे असे मी मानतो. आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहावेत.

प्रतिसाद: सीनाकाठ

लेख आवडला. तरीही एक आक्षेप नोंदवतो. दिवसाच्या प्रवासाचा आग्रह धरताना आपण सिद्धेश्वरवर थोडा अन्याय केला आहे. सोलापूरच्या चार हुतात्म्यांची आठवण ठेवणारी हुतात्मा एक्सप्रेस पुण्याला जाते आणि ग्रामदैवताचे नाव घेतलेली सिद्धेश्वर मुंबईला जाते. या दोन गाड्यांशी गावाचे जे नाते आहे ते दृश्यांवर अवलंबून नाही. रात्री जेवून निघावे, डब्यात ओळखीचे कोणी ना कोणी भेटावे, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी उघडली की समोरच्या बाकावरच्या माणसानेही आपली शिदोरी काढून पुढे करावी, आणि कर्जतच्या आसपास पहाटे जाग यावी, हाही प्रवासाचा आनंदच आहे. खिडकीतून काही दिसत नसले तरी रात्रीची गाडी माणसे दाखवते.

दुसरे असे की, २०२३ च्या फेब्रुवारीपासून धावणारी वंदे भारत दिवसाची असली तरी तिची काच बंद असते. मोहोळच्या रानाचा वास आणि कुर्डुवाडीच्या फलाटावरची हाक बंद काचेतून आत येत नाही. आपण कोणत्या गाडीने गेलात, ते लिहिले नाही.

प्रतिसाद: रूळवाट

सीनाकाठ, आपले म्हणणे मला मान्य आहे. सिद्धेश्वरचा अनादर करण्याचा हेतू नव्हता. मी जाताना वंदे भारतने गेलो, कारण सकाळी सोलापुरात बसून दुपारी थेट बोरीबंदरला उतरता येते आणि घाट उजेडात मिळतो. परतताना मात्र मी पुण्यापर्यंत एका गाडीने आणि पुढे साध्या डब्यातून आलो. बंद काचेतून उजनीचे पाणी अधिक स्वच्छ दिसले आणि उघड्या खिडकीतून ते जवळचे वाटले, असा दोन्हींतील फरक मी सांगेन. दोन्ही दिशांना एकाच प्रकारच्या गाडीने जाऊ नये, एवढी सूचना मी आता मूळ लेखात भर म्हणून करतो.

प्रतिसाद: घाटमाथा

धागाकर्त्यांनी घाट आमच्यावर सोपवला आहे, म्हणून लिहितो. माझी सारी नोकरी घाटाशी संबंधित कामात गेली आणि निवृत्त होऊनही त्या चढणीविषयीचा आदर कमी झालेला नाही.

बोरघाटाची चढण १ : ३७ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर मार्ग १ फूट वर चढतो. रस्त्याने जाणाऱ्याला हे काहीच वाटणार नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालते तेव्हा मात्र घर्षण फार कमी असते आणि शेकडो टनांची गाडी या चढणीवर स्वतःच्या वजनाने मागे ओढली जाते. म्हणूनच मुंबईकडून येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जोडइंजिने लावतात. आम्ही त्यांना बँकर म्हणतो. ती गाडीला वर ढकलतात आणि जोडणी तुटण्याचा धोकाही कमी करतात. वंदे भारतला ती लावावी लागत नाहीत, कारण तिच्या मोटारी अनेक डब्यांखाली विभागलेल्या असतात आणि ओढण्याचे काम एकाच टोकाला होत नाही. उतारावर प्रश्न उलटा असतो. तेथे ओढायचे नसते, धरून ठेवायचे असते, त्यामुळे सोलापूरहून येणाऱ्या गाडीसाठी घाट उतरण्यापूर्वीची ब्रेकची तपासणी हा सर्वांत महत्त्वाचा विधी आहे. कोणत्याही कारणाने गाडी आवरली नाही तर तिला चढावर वळवून थांबवणारे सुरक्षा फाटे घाटात ठेवलेले असतात. मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरूंग ही नावे खिडकीतून वाचताना हे लक्षात ठेवावे.

मूळ मार्गावर २५ बोगदे होते आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे १,८०० फुटांची चढ होती. एका जागी डोंगर इतका आडवा आला की गाडीला सरळ वर नेणे शक्य नव्हते. तेथे गाडी पुढे नेऊन थांबवत, इंजिन दुसऱ्या टोकाला लावत आणि उलट दिशेने पुढची चढण चढवत. विजेवरील गाड्या सुरू होताना, १९२९ च्या सुमारास, नव्या बोगद्यांच्या मार्गाने ती उलटफेर बंद झाली.

हे सारे कोणी केले, तेही लिहायला हवे. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले. एका कंत्राटदाराने काम सोडल्यावर १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल आला आणि भारतात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडून न देता अनुभवी माणसे नेमून ते काम पुढे नेले. एके काळी घाटात ४०,००० हून अधिक मजूर होते. पटकी, ताप, सुरुंग आणि कडे यांनी त्यांतले किती नेले, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. मी घाटातून जाताना प्रत्येक वेळी त्या माणसांना मनोमन नमस्कार करतो.

प्रतिसाद: हातमाग

घाटमाथा यांच्या प्रतिसादातील शेवटच्या परिच्छेदानंतर मलाही थोडे परखड लिहिण्याचे धैर्य झाले आहे. धागाकर्त्यांनी १८७८ हे वर्ष लिहिले आणि ते पुढे गेले. सोलापूरकराने त्या वर्षापाशी थांबायला हवे. १८७६ ते १८७८ हा मोठ्या दुष्काळाचा काळ होता आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. ज्या रुळांवरून एरवी कापूस मुंबईला जात असे, त्याच रुळांवरून त्या काळात धान्य आत आले, आणि ते आले म्हणून अनेक जण वाचले. मात्र धान्य स्थानकापर्यंत येणे आणि ते गरिबाच्या हातात पडणे यांत फार अंतर असते. खिशात पैसा नसलेल्या शेतमजुराला फलाटावरच्या पोत्यांचा काय उपयोग? अशा वेळी, दुष्काळ पुरता सरलेला नसताना, मुंबईत त्या भव्य वास्तूचे काम सुरू झाले. इमारतीच्या सौंदर्याला मी बाधा आणू इच्छित नाही. ते सौंदर्य खरे आहे आणि ज्या पाथरवटांनी ते घडवले ते आपलेच होते. शेतीच्या मूर्तीकडे पाहताना मात्र त्या वर्षी शेतीची काय अवस्था होती, हे आपल्याला आठवले पाहिजे.

दुष्काळातून लोहमार्गाचे धोरणही बदलले. दौंड ते मनमाड हा मार्ग त्याच सुमारास झाला आणि १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेची कल्पनाच दुष्काळी मुलखाला धान्य पोहोचवण्याच्या गरजेतून आली. सोलापूरजवळच्या होटगीहून विजापूरमार्गे गदगला जाणारा मार्ग त्याच कंपनीचा, १८८४ चा.

कापसाविषयीही एक पुरवणी. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, जिला आपण जुनी मिल म्हणतो. तेव्हापासून सारा कापूस मुंबईला जाण्याऐवजी त्यातला काही येथेच सूत होऊ लागला आणि रुळांवरून चादरी, धोतरे, साड्या बाहेर जाऊ लागल्या. तेव्हा या मार्गाने मुंबई घडवली हे जितके खरे, तितकेच त्याने आजचे सोलापूर घडवले हेही खरे आहे. गिरण्यांच्या कामासाठी तेलंगणातून आणि कर्नाटकातून आलेली कुटुंबे याच गावची झाली.

प्रतिसाद: रूळवाट

हातमाग, आपला प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. आपण दिलेला संदर्भ मूळ मांडणीला छेद देत नाही, उलट ती अधिक खोल करतो, असे मला वाटते. इमारत आणि मार्ग एकच आहेत असे म्हणायचे असेल, तर त्या मार्गावरचा दुष्काळही त्या इमारतीचाच भाग मानला पाहिजे. पुढे कोणी हा धागा वाचून मुंबईला निघाला, तर त्याने आपला प्रतिसाद आधी वाचावा.

प्रतिसाद: बार्शीलाइट

आपण सर्वांनी कुर्डुवाडीवरून गाडी भरधाव नेली, याचे मला वाईट वाटले. ऐतिहासिक स्थानक पाहण्यासाठी सोलापूर जिल्ह्याबाहेर जावेच लागते, असे नाही.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने कुर्डुवाडी ते बार्शी ही अरुंदमापी गाडी १८९७ साली सुरू केली. दोन रुळांमधील अंतर केवळ २ फूट ६ इंच होते. अरुंद मार्ग म्हणजे खेळण्यातली गाडी, हा समज त्याने खोडून काढला. एका आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही आणि तो भार सर्व चाकांवर सारखा वाटायचा, या तत्त्वावर त्याने इंजिने आणि लांब डबे दोन्ही बेतले, त्यामुळे हलके रूळ टाकूनही भरपूर माल नेता आला. ही सामग्री भारतात आणण्यापूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ तात्पुरता मार्ग टाकून तिची चाचणी घेतली होती आणि ती पाहायला तेथील अभियंते आले होते. हाच कॅल्थ्रॉप पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार करण्याच्या कामात शिरला.

ही गाडी १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली, आणि एकूण मार्ग ३०० किलोमीटरच्या पुढे गेला. आषाढी-कार्तिकीला कुर्डुवाडीच्या फलाटावर मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत चढणाऱ्या वारकऱ्यांची गर्दी आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. पायी वारी ज्यांना झेपत नसे, त्यांना विठ्ठलाच्या पायाशी याच गाडीने नेले. १९५४ साली ती सरकारच्या ताब्यात आली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाली. मार्ग रुंद झाला, हे योग्यच झाले. लातूरचा माणूस आज डबा न बदलता मुंबईला जातो, आणि भावनेपोटी त्याची सोय नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण कुर्डुवाडीच्या कारखान्याने या छोट्या इंजिनांची जी सेवा केली, तिची नीट मांडणी कुर्डुवाडीतच व्हावी, असे मला फार वाटते. बोरीबंदरला जाणाऱ्या सोलापूरकराने वाटेत एक गाडी सोडून कुर्डुवाडीला उतरावे, स्थानकाबाहेर हिंडावे, जुन्या कर्मचाऱ्यांशी बोलावे आणि मग पुढे जावे.

प्रतिसाद: अक्कलकोटवाट

संपूर्ण चर्चा वाचली. दोन शाळकरी मुले आणि सासूबाई यांच्यासह जाण्याचा विचार आहे. सासूबाईंना फार चालवत नाही. इमारतीत नेमके काय, कोणत्या क्रमाने पाहावे आणि मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून काय करावे, हे रूळवाट किंवा मुंबईतील सदस्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: फलाट१८

मी मूळचा सोलापूरचा, पण नोकरीनिमित्त रोज याच स्थानकावर उतरतो, म्हणून उत्तर देतो. लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरल्यावर लगेच बाहेर पडू नका. एकूण १८ फलाट आहेत. त्यांतील ७ लोकलचे आणि ११ लांब पल्ल्याचे. तुमची गाडी ज्या बाजूला येते तिकडचे छप्पर साधे आहे आणि त्यामुळेच बहुतेक सोलापूरकर मूळ इमारत न पाहताच टॅक्सीत बसतात. सासूबाईंना प्रतीक्षालयात थोडा विसावा द्यावा, नंतर सावकाश लोकलच्या बाजूला यावे आणि ताऱ्यांच्या छताचे तिकीटघर पाहावे. तेथे गर्दीच्या वेळी उभे राहणे कठीण होते, म्हणून दुपार उत्तम. तेथून बाहेर आल्यावर रस्ता ओलांडून महानगरपालिकेच्या इमारतीच्या बाजूला जा. तीसुद्धा स्टीव्हन्सचीच, १८९३ साली पूर्ण झालेली. तिच्यापाशी उभे राहिले की समोरची संपूर्ण दर्शनी बाजू एका नजरेत मावते. मुलांना प्राण्यांची शोधाशोध करायला सांगा. मोर कोणाला आधी दिसतो, मगर कोणाला, एवढ्यावर त्यांचा तास सहज जाईल. घुमटाखालचा जिना आणि वारसा दालन पाहण्याची सोय ठरावीक दिवशी आणि ठरावीक वेळीच असते; निघण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी, कारण आतला बराचसा भाग मध्य रेल्वेचे चालते कार्यालय आहे.

रोज पाहणाऱ्याला काही दिसेनासे होते, हे मात्र खरे नाही. संध्याकाळची लोकल पकडताना मी रोज नाना शंकरशेटांच्या मुखवट्याकडे पाहतो. घुमट कितीही देखणा असला तरी माझी नजर तेथेच जाते.

प्रतिसाद: अक्कलकोटवाट

मनःपूर्वक आभार. मुलांसाठी प्राण्यांची यादी आजच करायला घेते. कुर्डुवाडीला उतरणे सासूबाईंना झेपणार नाही, पण त्या लहानपणी बार्शीच्या छोट्या गाडीतून पंढरपूरला गेल्या होत्या. बार्शीलाइट यांचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी शेंद्री आणि मोडनिंब या स्थानकांची नावे माझ्याआधी सांगितली. प्रवासात कुर्डुवाडी आली की त्या मुलांना स्वतःच सारे सांगतील.

प्रतिसाद: घाटमाथा

अक्कलकोटवाट, घाटात गाडी सावकाश जाऊ लागली की मुले गाडी बिघडली का, असे विचारतील. त्यांना सांगावे की उताराला वेगाची मर्यादा ठरवून दिलेली असते आणि लोकोपायलट ती काटेकोर पाळतो. दोन बोगद्यांमधील उजेड फार थोडा वेळ असतो, म्हणून दरी पाहायची तर बोगद्यात असतानाच नजर खिडकीवर ठेवावी.

प्रतिसाद: सीनाकाठ

एक विषय राहून गेला. हातमाग यांनी होटगी–गदग मार्गाचा उल्लेख केला आहे. सोलापूरच्या स्थानकावर मोठी गाडी आणि एक मीटर अंतराच्या रुळांवरची मीटरगेज गाडी या दोन्ही शेजारी शेजारी उभ्या असत, आणि विजापूर आले की डब्यातून गोलघुमट दिसे. या स्थानकाविषयी आपण काहीच लिहिले नाही.

प्रतिसाद: रूळवाट

सीनाकाठ, तो विषय या धाग्यात मावणारा नाही. सोलापूर आणि होटगी या दोन स्थानकांसाठी मी येत्या रविवारी स्वतंत्र धागा काढतो. मीटरगेजने विजापूर, बागलकोट किंवा गदगपर्यंत प्रवास केलेल्या सदस्यांनी आपल्या आठवणी, गाडीची वेळ, डब्यांची मांडणी, होटगीच्या फलाटावर काय मिळत असे, हे सारे तेथे सविस्तर लिहावे. जुनी तिकिटे किंवा वेळापत्रके कोणाकडे असतील तर त्यांची छायाचित्रेही जोडावीत.